विहिरीवरचं सिम

१९ ऑक्टोबर २०१६ ची गोष्ट. युरोपचं ‘शियापारेली’ नावाचं छोटं यान मंगळाच्या वातावरणात शिरलं होतं आणि त्याचा बारीकसा रेडिओ आवाज पृथ्वीवर थेट ऐकण्याचं काम जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे होतं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांनी तो कोट्यवधी किलोमीटरवरून टिपला. यान जमिनीला टेकायच्या मिनिटभर आधी आवाज तुटला. ते मंगळावर आदळलं होतं, हे नंतर उघड झालं.

त्याच्या ४४ दिवस आधी, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झालं होतं. मंगळावरच्या यानाचा आवाज ज्या तालुक्यात पोचला, त्याच तालुक्यात आता खिशाखिशात इंटरनेट येणार होतं. आलंही. पण आजही नारायणगावच्या चौकातून पश्चिमेला निघालं, जुन्नर मागे पडलं आणि डोंगर अंगावर यायला लागले की गाडीतला प्रत्येक माणूस न ठरवता फोनकडे बघतो. एक दांडी. मग तीही नाही.

हातातल्या फोनवर आजवर भरपूर लिहून झालं आहे. हा लेख कुणाच्याच हातात नसलेल्या सिमकार्डांचा आहे. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात अशी सिमं ठायी ठायी बसली आहेत. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत एक असतं. उसाच्या कडेला खांबावर टांगलेल्या सौर कॅमेऱ्यात, द्राक्षबागेतल्या हवामान यंत्रात, रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशिनमध्ये, लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळ-फुलं विकणाऱ्याच्या ‘पैसे प्राप्त झाले’ म्हणणाऱ्या डबीत आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घराच्या माळ्यावर लुकलुकणाऱ्या राउटरमध्येही एकेक असतं. या सिमांना बोलता येत नाही. दुकानदार विचारतो, ‘कितीचा मारू?’ आणि गिऱ्हाईक स्वतःच्या फोनला जो पॅक मारतं तोच यंत्रालाही मारून मोकळं होतं. रोज दीड जीबी, २८ दिवस. हे माप रील सरकवणाऱ्या अंगठ्यासाठी शिवलेलं आहे. मोटरीला ते ढगळ होतं आणि कॅमेऱ्याला तोकडं पडतं.

मोटरीपासूनच सुरुवात करू, कारण या भागात मोबाईलचा पहिला बिनमाणशी उपयोग तिनेच करून घेतला.

माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे या धरणांनी दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग हिरवा केला. पाणी आलं आणि पाण्यामागे ऊस आला. उसामागे बिबट्या आला, आणि तो तिथेच विणीला बसला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर मिळून वनखात्याचा जो जुन्नर विभाग होतो, तिथे बिबट्या हा शेजारी आहे. पकडलेल्या, जखमी झालेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रच आहे. आता यात शेतीची थ्री फेज लाईट मिसळा. ती पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीत लाईट आली की कुणीतरी बॅटरी घेऊन उसाच्या कडेकडेने विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची आणि परत यायचं. ही वाट टळावी म्हणून मोबाईल स्टार्टर बसवतात. शहरातल्या माणसाला ती चैन वाटते. इथल्या घरातली म्हातारी माणसं त्याला चैन म्हणत नाहीत.

ही कल्पना पुणे जिल्ह्यातच वाढली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी पंपापर्यंतची आपल्या आजोबांची पायपीट पाहिली होती. त्यांनी फोनवरून मोटर चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ तयार केलं आणि २००९ साली त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आज असल्या यंत्रांचे कितीतरी मेक बाजारात आहेत आणि बहुतेकांची आतली रचना सारखीच असते. पत्र्याची पेटी उघडली की खाली जाडजूड कॉन्टॅक्टर आणि रिले दिसतो. वर साबणाच्या वडीएवढं एक कार्ड असतं, त्याच्या कडेला सिमची खाच. त्यातून निघालेली काळी वायर पेटीच्या भोकातून बाहेर येऊन वर चुंबकाने चिकटलेल्या बोटभर अँटेनाला मिळते. ती अँटेना बाहेरच हवी. पत्रा रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे ‘नीट दिसावं’ म्हणून कुणी अँटेना आत सरकवून झाकण लावलं की मोटर ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ जाते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्यांपैकी काहींना मुंग्या आणि पाली कारणीभूत असतात, त्यावर कुठलीही कंपनी पॅक काढत नाही.

या सिमला नेट लागतच नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. शेतकरी फोन करतो, यंत्र नंबर ओळखतं, मोटर सुरू करतं आणि ‘मोटर चालू झाली आहे’ किंवा ‘लाईट नाही’ असं बोलतं, नाहीतर मेसेज पाठवतं. दीड जीबीचा पॅक मारला तर २८ दिवसांत ४२ जीबी नेट त्या मोटरीच्या वाट्याला येतं आणि ती त्यातलं एक अक्षरही वापरत नाही. हा घोळ देशभरच्या साध्या फोनवाल्यांचाही होता. त्यावर दूरसंचार नियामक ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलला. फक्त बोलणं आणि मेसेज यांचे वेगळे पॅक द्यायलाच हवेत असं कंपन्यांना बजावलं आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. मग २०२५ च्या जानेवारीत असे पॅक आले. एअरटेलने वर्षाचा १,८४९ रुपयांना आणला, त्यात ३,६०० मेसेज होते.

आता हिशेब मांडू. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेल आणि व्हीआय या दोघांचाही २८ दिवसांचा साधा पॅक १९९ रुपयांवर गेला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. तेरा गुणिले १९९ म्हणजे २,५८७. वर्षाच्या बोलण्याच्या पॅकपेक्षा ७३८ रुपये जास्त. मेसेज मोजायचे तर ३,६०० म्हणजे दिवसाला दहाही पडत नाहीत. ज्या फीडरवर लाईट तासाला तीनदा झटके देते, तिथे ‘लाईट आली’, ‘लाईट गेली’ असे मेसेज पाठवत सुटलेलं यंत्र ते लवकर संपवेल. ती सूचना यंत्रातून बंद करता येते. बंदच करावी.

तेराव्या रिचार्जची बोच ट्रायच्याही कानावर गेली होती. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी प्रत्येक कंपनीला किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायला लावला. असे पॅक आहेत, पण ते मागावे लागतात. दुकानाच्या भिंतीवरच्या पत्रकात ठळक अक्षरांत ते सहसा नसतात.

खरा फटका मात्र दुसरीकडे बसतो. मुदत संपत आली की कंपनी आठवणीचा मेसेज पाठवते, आणि तो जातो त्या सिमवर. ते सिम विहिरीवरच्या पेटीत आहे! कंपनी बिचारी दिवसाआड मेसेज करते, ‘आपला पॅक उद्या संपत आहे’, आणि तो पत्र्याच्या पेटीत, पालीच्या शेजारी, कुणीही न वाचलेला पडून राहतो. एक दिवस मोटरीला फोन लागत नाही. माणूस मेकॅनिकला बोलावतो, मेकॅनिक कार्ड बदलायला सांगतो आणि शेवटी पोरगं सिम काढून फोनमध्ये घालतं तेव्हा उलगडा होतो. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात चार महिने मोटर लागली नाही, रिचार्ज कशाला म्हणून सोडून दिलं, आणि सिमच बंद झालं. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनीला नंबर बंद करता येतो. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, हा २०१३ पासूनचा नियम. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग तुम्ही मोटर लावायला फोन करता आणि पलीकडून लातूरचा कुणी ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणतो.

आणखी एक खड्डा टूजीचा. जुने आणि स्वस्त स्टार्टर टूजीवर चालतात. जिओचं जाळं फोरजी आणि फाईव्हजीचं आहे, टूजी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. त्यामुळे घरात सगळ्यांचं जिओ असलं तरी त्या यंत्रात जिओचं सिम मुकंच राहतं. एअरटेल आणि व्हीआय यांनी थ्रीजी बंद केलं पण टूजी ठेवलं, म्हणून तिथे त्यांचं किंवा बीएसएनएलचं कार्ड लागतं. नवं यंत्र घेताना मात्र फोरजीचंच घ्यावं. जुनी जाळी कायम राहत नाहीत, याचा पुरावा घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये आहे. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट यांचे पेनड्राइव्हसारखे डोंगल तिथे अजून सापडतील. एके काळी गावातल्या एकमेव लॅपटॉपला तेच नेट पुरवत. जाळं गेलं आणि डोंगल लहान पोरांच्या खेळण्यात जमा झाले.

कॅमेऱ्याचं पोट मोटरीच्या अगदी उलट.

२०२३ च्या पावसाळ्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोंच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा टोमॅटोला राखण लागली. मराठवाड्यात एका शेतकऱ्याने टोमॅटोच्या प्लॉटवर कॅमेरे लावल्याची बातमी त्याच मोसमात गाजली. तोवर कॅमेरे स्वस्त झाले होते. वर सौर पॅनेल, आत बॅटरी, पोटात सिम, वायर कुठलीच नाही. इकडे बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर आणि अंगणावरही ते लागू लागले. दुकानदार ते फोनवर दाखवतो. खांब हलतो, पिकावर वारा फिरतो, सगळं लखलखीत दिसतं. माणूस घेऊन जातो, रोज दीड जीबीचा पॅक मारतो आणि घरी बसून बघत राहतो. दुपारी चित्र अडकतं. तो म्हणतो, कॅमेरा खराब निघाला.

कॅमेरा धडधाकट असतो. मध्यम प्रतीचं चालतं चित्र सेकंदाला साधारण एक मेगाबिट खातं. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला सव्वाशे केबी. दीड जीबी तीन तास वीस मिनिटांत संपतात. चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला जवळपास अकरा जीबी लागतील, आणि रोजच्या कोट्याचे नेहमीचे पॅक तेवढे देत नाहीत. रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. ते ‘अमर्यादित’ नेट म्हणजे एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं. बिबट्या गोठ्यात शिरून, शेळी उचलून, बांध ओलांडून गेलेला असतो आणि फोनवर अजून त्याच्या शेपटीचा ठिपका उमटत असतो.

उपाय पॅकमध्ये कमी आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जास्त आहे. आत मेमरी कार्ड घालायचं, रेकॉर्डिंग तिथेच होऊ द्यायचं. काही हललं तरच फोनवर इशारा आणि दहा सेकंदांची चित्रफीत पाठवायला सांगायचं, आणि थेट चित्र गरज पडली तरच उघडायचं. मग रोजचा दीड जीबीही उरतो. त्याहून बरा म्हणजे रोजची मर्यादा नसलेला एकगठ्ठा डेटाचा पॅक. कॅमेऱ्याची भूक माणसासारखी रोज सारखी नसते. दहा रात्री काहीच घडत नाही, मग एका रात्री तीन तास बघत बसावं लागतं. एकगठ्ठ्यात ते बसतं, रोजच्या कोट्यात बसत नाही. इथे एक पाटी नीट वाचायची. नुसती ‘डेटा व्हाउचर’ बहुधा मूळ पॅक चालू असेल तरच चालतात. त्या सिमवर आधी काहीच नसेल तर पैसे वाया जातात.

फाईव्हजीच्या नावाखाली जे विकलं जातं त्याबद्दलही दोन शब्द हवेत. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेल अमर्याद फाईव्हजी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच देतात. जिओचा असा २८ दिवसांचा पॅक तेव्हा ३४९ रुपयांवर गेला. शेतावरचा कॅमेरा फोरजीचा असतो. त्याच्या खाचेत हा पॅक घातला तर त्याला अमर्याद काहीच मिळत नाही, मिळतात ते दोन जीबी. तसंच जिओभारत फोनचा १२३ रुपयांचा पॅक त्याच फोनपुरता आहे. ते सिम काढून कॅमेऱ्यात घालण्याची युक्ती अनेकांना सुचते. चालत नाही.

द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राची कथा एका परिच्छेदात संपते. पान किती वेळ ओलं राहिलं, आर्द्रता किती, तापमान किती, एवढंच ते सांगतं, आणि त्यावरून डावणी येईल की भुरी याचा अंदाज बांधून औषधाची फवारणी ठरते. दर दहा मिनिटांनी एक केबीची चिठ्ठी धाडली तरी दिवसाला १४४ केबी होतात. महिन्याला साडेचार एमबीसुद्धा नाही. कोटा संपून वेग ६४ वर आला तरी त्याला पत्ताही लागणार नाही. बहुतेक कंपन्या सिम यंत्रातच घालून देतात आणि वर्षाच्या वर्गणीत त्याचा खर्च धरतात. मंदिराबाहेरच्या त्या बोलक्या डबीचंही तेच. यंत्रांच्या सिमसाठी २०१८ मध्ये तेरा आकडी नंबरांची वेगळी मालिका ठरली. ही सिमं कंपन्यांना ठोक मिळतात, दुकानात सुटी मागून मिळत नाहीत. तेव्हा यंत्र घेताना पॅक विचारायचा नाही, वर्गणी विचारायची, आणि दुसऱ्या वर्षी ती किती होणार तेही तिथेच विचारून घ्यायचं.

ज्याला स्वतःचं सिम घालावं लागतं त्याने मुदत मोसमाला जुळवावी. जुन्नरकडे द्राक्षाची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. ८४ दिवसांचे दोन पॅक म्हणजे १६८ दिवस, राखणीचा सगळा काळ त्यात येतो. राखणीच्या कॅमेऱ्याला वर्षभर पोसायचं कारण नाही. फक्त मधल्या काळात ते ९० दिवस लक्षात ठेवायचे.

आतापर्यंतचा सगळा हिशेब पूर्वेचा झाला, जिथे रेंज आहे. पश्चिमेला पॅकची निवड हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: येते का?

जुन्नरची पश्चिम म्हणजे नाणेघाट, घाटघर, आंबोली, हातवीज. आंबेगावची म्हणजे डिंभ्याच्या पाण्यापलीकडचा आहुपे, पाटण खोऱ्याचा मुलूख, महादेव कोळ्यांच्या वस्त्या, हिरड्याची झाडं आणि भीमाशंकरच्या जंगलाची कड. सह्याद्रीची सोंड मध्ये आली की टॉवर दोन किलोमीटरवर असून नसल्यासारखा. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर आणली ती एस.टी.च्या चालकाने. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली तेव्हा डोंगराळ भागातल्या पोरांनी रेंजचे दगड शोधून काढले होते. अमक्या खडकावर उभं राहिलं की येते, उंबराखाली येत नाही. रेशनच्या मशिनला अंगठा दिला आणि गोल चक्र फिरत राहिलं, हा अनुभव अशा गावांतल्या कुणालाही सांगावा लागत नाही.

डोंगरात लहर कमी कंपनाची चांगली. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, झाडीतून आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरते, कड्याच्या आडून थोडी वाकतेसुद्धा. २३०० किंवा ३३०० ची लहर वेग जास्त देते आणि पहिल्याच डोंगराला अडते. जिओचं फोरजी ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं, एअरटेल आणि व्हीआयकडे इतर पट्ट्यांबरोबर ९०० आहे, आणि बीएसएनएलचं नवं स्वदेशी फोरजी, ज्याचं देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं, ते ७०० आणि २१०० वर. जिथे कुणीच पोचलं नाही अशा २४,६८० गावांना फोरजी देण्याची २६,३१६ कोटींची योजना केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली तीही बीएसएनएलकडेच आहे. म्हणून पश्चिमेच्या खोऱ्यांत राउटर घेताना खोक्यावर ‘बँड २८’ लिहिलंय का बघायचं. ७०० चा पट्टा तोच. ते नसेल तर गावात बीएसएनएलचा नवा टॉवर उभा राहिला तरी तुमच्या राउटरला ७०० चा आवाज ऐकूच येणार नाही.

दांड्यांवर विश्वास ठेवू नये. किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या सिमच्या माहितीत सिग्नलचा खरा आकडा असतो, उणे चिन्हाचा, डीबीएमचा. उणे ८५ असेल तर झकास. उणे १०० ला काम भागतं. उणे ११५ असेल तर पॅकचे पैसे देवाला वाहिल्यासारखे. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक, त्यामुळे राउटर ओट्यावरून माळ्यावर, माळ्यावरून कौलाखाली नेला आणि आकडा ११२ वरून १०२ वर आला तर ती मोठी कमाई आहे. कंपनी बदलण्याआधी जागा बदलून बघावी. ट्रायने २०२४ च्या नियमांत कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे टाकायला लावले आहेत, तेही पाहावेत. नकाशावर डोंगर सपाट दिसतो, एवढं ध्यानात ठेवून.

राउटर कुणाचा घ्यायचा यावर एकच बोलायचं: कुलूप पाहा. जिओफायसारखी हातात मावणारी यंत्रं त्याच कंपनीच्या सिमवर चालतात. ती स्वस्त असतात, आणि पूर्वेकडे एकाच टॉवरच्या छायेत राहणाऱ्याला पुरतात. पण खोल्या भाड्याने देणारं घर, ज्याला उद्या दुसरी कंपनी धरावी लागेल, त्याने कुठलंही सिम घेणारा राउटर घ्यावा. जुन्नर २०१८ मध्ये पर्यटन तालुका जाहीर झाला आणि शनिवार-रविवारचे पुणेकर पहिला प्रश्न पिठल्याचा नाही, वायफायचा विचारतात. अशा घरासाठी व्हीआयची एक सोय चपखल बसते. सोमवार ते शुक्रवार उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. इतरांकडे रात्री बाराला घड्याळ पालटलं की उरलेलं गेलं.

मुंबईचा एक पेच या दोन तालुक्यांना खास आहे. डबेवाल्यांपासून माथाडींपर्यंत इथली कितीतरी घरं निम्मी मुंबईत असतात, आणि गावाकडच्या यंत्रात पोराचं मुंबईत घेतलेलं जुनं सिम घातलेलं असतं. मोबाईलच्या नकाशात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण मिळून एक मंडळ आणि बाकीचा महाराष्ट्र, गोव्यासकट, दुसरं. ते सिम इथे चालतं, पण ॲप मुंबईचे पॅक दाखवतं आणि नारायणगावचा दुकानदार महाराष्ट्राचे. दोघं भांडत बसतात आणि दोघंही खरं बोलत असतात. सिम कुणाच्या नावावर आहे हेही पाहावं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिमं ठेवता येतात आणि २०२४ च्या जूनपासून त्याहून जास्त सापडली तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दादांच्या नावावर घरातले पाच फोन, दोन मोटरी आणि तीन कॅमेरे, की झाले दहा. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती आहेत ते पाच मिनिटांत कळतं.

हे सगळं खोडदच्या तबकड्यांच्या सावलीत चाललेलं असतं. तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडलेल्या आहेत. ही जागा निवडली गेली ती इथे रेडिओचा गोंगाट कमी होता आणि डोंगरांचा आडोसा होता म्हणून. म्हणजे ज्या आडोशाला पश्चिमेचा माणूस शिव्या घालतो, त्याच आडोशामुळे प्रा. गोविंद स्वरूप यांना ही दुर्बीण इथे उभारावीशी वाटली. दुर्बिणीचा एक पट्टा ८५० मेगाहर्ट्झला संपतो आणि पुढचा १०५० ला सुरू होतो. मधल्या फटीत ९०० च्या पट्ट्यावरचे मोबाईल बोलत असतात. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मार्ग सोडून देताना रेल्वेमंत्र्यांनी कारण सांगितलं तेही हीच दुर्बीण. दुर्बीण पाहायला जाणाऱ्याला फोन बंद करावा लागतो, आणि तिथे कुणी कुरकुर करत नाही.

जाता जाता नाणेघाटाची आठवण निघतेच. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या शिलालेखात आकड्यांची जुनी रूपं कोरलेली आहेत आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकायचे असं सांगतात. तिथे मालाप्रमाणे पैसे पडत, २८ दिवसांची मुदत नव्हती.

दिवाळीला मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात. फराळ झाला की एक चक्कर विहिरीवर टाका. पेटी उघडा, अँटेना बाहेर आहे ना बघा. सिमचा नंबर, ते कुणाच्या नावावर आहे आणि पॅक कधी संपतो, हे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा, आणि तोच नंबर आपल्या फोनवरच्या कंपनीच्या ॲपमध्ये जोडून ठेवा. पुढचा आठवणीचा मेसेज मग तुमच्या खिशात येईल.